वाहत्या समुद्राच्या पोटात

परंड्याच्या मनुष्यास पाण्याविषयी जो आदर वाटतो, तो समुद्रकाठी जन्मलेल्यास सांगूनही समजावयाचा नाही. आमच्या गावास नामांकित भुईकोट किल्ला आहे, किल्ल्याभोवती खंदक आहे, तालुक्यातून सीना नदी वाहते. परंतु यांपैकी कशात किती पाणी दृष्टीस पडेल हे सर्वस्वी पावसाच्या मर्जीवर. 1972 सालच्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरण्याचे काम तेव्हा आम्हा मुलांकडे असे. पोहावयास शिकलो तेही पाठीस भोपळा बांधून, आणि ज्या वर्षी विहिरीस पाणी असेल त्याच वर्षी.

पाण्याखाली काय असते याचे कुतूहल मात्र आमच्या गावच्या पोरांस फार पूर्वीपासूनचे आहे, व त्याचे कारण एक तोफ आहे. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ 1549 साली अहमदनगरास ओतली गेली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती व तेथून 1632 साली ती विजापुरास नेण्यात आली. तिच्याबरोबर कडकबिजली नावाची तिची जोडीदारीणही निघाली होती, पण ती वाटेत नदीत बुडाली असे सांगतात. पोहोचलेल्या तोफेपेक्षा न पोहोचलेल्या तोफेचाच आम्ही लहानपणी अधिक विचार करीत असू. ती तळाशी कोणत्या कुशीवर पडली असेल, तिच्या तोंडात कोणते मासे राहावयास आले असतील, अशा गोष्टी किल्ल्याच्या बुरुजावर बसून आम्ही तासचे तास बोलत असू. पाण्याचा तळ डोळ्यांनी पाहावा ही इच्छा तेव्हाची. ती पुरी होण्याचा योग साठी उलटल्यावर आला, आणि तोही एका कौटुंबिक कामाच्या निमित्ताने.

आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीने विज्ञानाची पदवी घेतल्यावर तारकर्लीस राहून पाणबुडेपणाचे रीतसर शिक्षण घेतले. शिक्षणापुरते कोणी फारसे बोलले नाही. परंतु समुद्रातील प्रवाळांची मोजदाद करणाऱ्या एका पथकाबरोबर वर्षभर राहावे असे तिने घरी लिहिले, तेव्हा मात्र आमच्या चौदा माणसांच्या कुटुंबात दोन तट पडले. पूर्वी असा प्रसंग येता तर कलिवर्ज्यप्रकरणातील समुद्रयानाचा निषेध पुढे करून विषय दोन मिनिटांत संपविता आला असता. आता तो आधार कोणी घेत नाही, व घेऊही नये. खरी अडचण निराळीच होती. मुलीची आजी, म्हणजे आमची भावजय, हिचा पाठचा भाऊ ऐन विशीत सीनेच्या डोहात गेला. तो चांगला पोहणारा होता. तेव्हापासून ती घरातील मुलांस नदीवर एकटे जाऊ देत नाही. मग समुद्राच्या तळाशी नात रोज उतरणार या कल्पनेने तिचे जेवणच तुटले. शेवटी पुतण्या आम्हांस म्हणाला, “काका, तुम्हीच जाऊन पाहून या. तुम्ही सांगाल ते आईस पटेल.” एकत्र कुटुंबात असा निर्णय एकट्या बापाचा नसतो, व तो नसावा असेच आमचे मत आहे.

बार्शी, पंढरपूर, कोल्हापूर असा मार्ग करून आम्ही फोंडा घाटाने खाली उतरलो व कणकवली-कसालवरून मालवणास पोहोचलो. एस. टी.च्या प्रवासाचे वर्णन करण्याजोगे काही नाही.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला अगदी समोर दिसतो. 1664 साली कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी याचा पाया घातला आणि सुमारे तीन वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला. तटाच्या आसपासच्या उथळ पाण्यात हल्ली ‘स्कूबा’ या नावाने जो व्यवसाय चालतो, त्याने मालवणातील कित्येक कोळी कुटुंबांचे घर चालते. पोहता न येणाऱ्या पाहुण्यासही पाठीवर हवेची टाकी व तोंडात नळी देऊन, मागून शिकविणाऱ्याने घट्ट धरून, दोन-तीन वाव पाण्यात दहा-पंधरा मिनिटे नेतात. पाहुण्याने माशांस पाव चारावयाचा, त्याचे छायाचित्र निघावयाचे, आणि त्याने वर यावयाचे. यात त्या बिचाऱ्यास आनंद होतो हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यास पाण्यात तोल सांभाळता येत नाही, तो घाबरून हाताशी येईल ते धरतो व पायाखाली येईल त्यावर उभा राहतो. आणि तेथे हाताशी व पायाखाली जे येते ते बहुधा जिवंत प्रवाळ असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मालवणच्या अशा जागी प्रवाळ मोडल्याची नोंद आहे.

नातीने आम्हांस दाखविण्याचे योजिले होते ते याहून अगदी निराळे. तिचा बेत बाहेरच्या समुद्रात बुडालेल्या एका खडकावर जाण्याचा होता. त्या खडकाचे नाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही. ज्या तांडेलाने आम्हांस तेथे नेले त्याच्या घराण्याची ती पिढीजात मासेमारीची जागा आहे. खडकाचा माथा पाण्याखाली दीड-दोन वाव आहे, आणि तेथून समुद्राच्या बाजूस घराच्या जोत्यासारखी एक पायरी तुटून पाच वावांपर्यंत खाली जाते. ही पायरी लांबीला तीन फर्लांग तरी असावी. भरती-ओहोटीचे पाणी तिच्या कडेकडेने वाहते, आणि पाणबुडे त्या पाण्याबरोबर एका टोकास शिरून दुसऱ्या टोकास बाहेर पडतात. इंग्रजीत यास ‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ म्हणतात. आम्हांस आमचा जुना संस्कृत शब्द आठवला : अनुस्रोत. प्रवाहाच्या उलट जाणे ते प्रतिस्रोत, प्रवाहाबरोबर जाणे ते अनुस्रोत.

यासाठी दिवस कोणता धरावयाचा हे पंचांगावरून ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी जोराने धावते व गढूळही होते. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, म्हणजे चढउतार सर्वात थोडा व ओढ बेताची. नवशिक्यांस तीच बरी. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील रीत आम्हांस फार आवडली : तिथीची पाऊणपट करावी म्हणजे घटकेची नव्हे, घड्याळाची वेळ येते. चतुर्थीस चार पाऊणे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीस आठ पाऊणे सहा. जागोजाग यात थोडा फरक पडतो, पण हिशेब पक्का आहे, कारण चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग येते. शाळेत आम्ही ज्या मुलांकडून पाऊणकी घोकून घेतली त्यांपैकी कोणास तिचा असा उपयोग सांगितला असता तर त्यांनी ती अधिक आवडीने पाठ केली असती. आमची तिथी माघ शुद्ध अष्टमी होती, म्हणजे भीष्माष्टमी. गंगापुत्राचे तर्पण आम्ही त्या दिवशी पहाटे मालवणच्या वाळूवर केले व आठ वाजता होडीत बसलो. सहाची भरती उलटून ओहोटी लागली होती.

होडी निघाल्यावर नातीने आम्हांस नियम सांगितले. ते आम्ही परीक्षकाच्या वृत्तीने ऐकले. पहिला नियम असा की पाण्याखाली श्वास कधीही कोंडून धरावयाचा नाही. दर 10 मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो; खाली घेतलेला श्वास कोंडून मनुष्य वर आला तर छातीतील हवा फुगते व फुप्फुस फाटते. “आजोबा, तुमच्या भाषेत सांगावयाचे तर पूरक आणि रेचक चालू ठेवायचे, कुंभक पूर्ण वर्ज्य,” असे ती म्हणाली. आम्ही गेली चाळीस वर्षे प्राणायाम करतो. कुंभक घातक ठरेल अशी जागा सृष्टीत आहे हे प्रथमच कळले. दुसरा नियम, वर यावयाचे ते सावकाश, आपल्या बुडबुड्यांपेक्षाही सावकाश, आणि शेवटच्या 5 मीटरवर तीन मिनिटे थांबून. तिसरे, सर्वांनी एकदम उतरावयाचे, कारण एकाने पाच मिनिटे उशीर केला तर पाणी त्यास दुसरीकडेच सोडते. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधावे, मग वर यावे. पुढाऱ्याच्या हाती दोरीस बांधलेले एक तांबडे फुगते निशाण असते. ते पृष्ठभागावर तरंगते व होडी त्याच्यामागून यंत्र मंद ठेवून चालते. नांगर टाकावयाचा नाही. पाणबुडे जेथे निघतील तेथे होडी असते, त्यांनी होडीकडे परतावयाचे नसते.

आणि सर्वात मुख्य नियम : प्रवाहाशी झगडावयाचे नाही. काही पाहावयाचे राहिले तर राहू द्यावे. मागे वळून पाय मारू लागले की दम लागतो, दम लागला की टाकीतील हवा दुपटीने सरते, आणि मनुष्य जागचा हलत नाही. ओढ वाढली तर खडकाला लागून खाली राहावे, कारण तळाशी घर्षणाने पाणी मंद असते. तेही जमत नसेल तर आडवे सरून प्रवाहाच्या बाहेर पडावे.

आमचे वय पाहता आम्हांस टाकी देण्याचा प्रश्नच नव्हता. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची वाकडी नळी आणि अंगात तरंगते जाकीट अशा थाटात आम्ही वरूनच वाहत जावयाचे ठरले; सोबतीस एक तरणाबांड पोरगा व हातात धरावयास एक तरंगते कडे. होडीतून उतरताना आम्ही सवयीने काठ घट्ट धरून राहिलो, तेव्हा तांडेल हसून म्हणाला, “मास्तरानू, कायएक धरूक जाव नकात. पाणीच तुमका न्हेतला.”

तोंड पाण्यात घातले आणि कानातील सर्व जग बंद झाले. राहिला तो आपल्याच श्वासाचा आवाज. पहिल्याने हिरवट धुके दिसले. मग त्यातून खडकाचा माथा वर आला, आणि तो आमच्याखालून मागे सरकू लागला. आगगाडीच्या खिडकीतून शेते सरकतात तसा तो सरकत होता, परंतु गाडीचा खडखडाट नाही, धक्का नाही, आपण काही करतो आहो अशी जाणीवही नाही. पाय मारण्याची आमची धडपड दोन मिनिटांत आपोआप थांबली. पायरीच्या खाली, धुक्याच्या कडेला, चार काळ्या आकृती आडव्या होऊन चालल्या होत्या; त्यांच्या श्वासाचे बुडबुडे रुप्याच्या तबकांसारखे वर येऊन आमच्या छातीवर फुटत. त्यांतील एक आमची नात होती. तिच्या मनगटास एक छोटी पांढरी पाटी बांधलेली होती आणि ती त्यावर पेन्सिलीने लिहीत होती. पाण्याखाली पाटी-पेन्सिल! आम्ही हयातभर जी हातात धरली ती वस्तू तेथे पाहून आम्हांस काय वाटले ते लिहीत नाही.

आमच्या घरी मत्स्यजातीची ओळख दशावतारांतील पहिल्या अवतारापुरतीच. तांबोशी, गोब्रा, बांगडा ही नावे आम्ही मालवणच्या खाणावळींच्या फळ्यांवर वाचली होती. त्या नावांचे धनी येथे आपल्या घरी भेटले. पायरीच्या कपारीत एक गोब्रा तोंड बाहेर काढून दुकानदारासारखा बसला होता. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले बोटभर मासे शेकड्यांनी होते. फुलपाखरू म्हणतात ते मासे जोडीजोडीनेच हिंडत. हिरवानिळा पोपटमासा खडकास चोच मारी, आणि त्याचा टक् टक् आवाज आम्हांस वर स्पष्ट ऐकू येई. काळ्या काट्यांची समुद्रसाळू भेगाभेगांतून बसली होती. मधेच तारलीसारख्या चंदेरी माशांचा एक प्रचंड थवा आला, त्याने आमच्याखाली छत धरले, आणि कोठून तरी चार मोठे मासे त्यात घुसताच ते छत फाटून पुन्हा शिवले गेले.

एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. लहानमोठा प्रत्येक मासा एकाच दिशेस तोंड करून होता, आणि ती दिशा आमच्या उलट होती. आम्ही वाहत होतो; ते शेपटी किंचित हलवीत जागच्या जागी उभे होते, पंगतीत बसलेल्या ब्राह्मणांनी वाढप्याकडे पाहावे तसे. नातीने नंतर याची फोड केली. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांस न दिसणारे असंख्य जीव तरंगत असतात. पाणी स्थिर असेल तेथे ते शोधावे लागतात. पाणी वाहते तेथे ते आपण होऊन येतात. पायरीवर प्रवाह आदळतो, वर उसळतो, आणि हे अन्न कपारीकपारीतून वाढून जातो. ते खावयास प्रवाळ, पंख्यासारखे पसरलेले समुद्रजीव व बोटभर मासे जमतात. त्यांस खावयास मोठे येतात. म्हणून सपाट वाळूवर मैलभर फिरून जे दिसणार नाही ते अशा एका कड्याला दिसते.

प्रवाळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मंगळाच्या अंगठीत आपण जे तांबडे पोवळे घालतो ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते व त्याची जात निराळी. मालवणचे प्रवाळ पिवळट, तपकिरी, हिरवट, आणि बहुतेक ओबडधोबड गोट्यांच्या आकाराचे. प्रत्येक गोटा ही हजारो सूक्ष्म प्राण्यांची एकत्र वसाहत आहे. जुन्यांच्या सांगाड्यांवर नवे घर बांधतात. असा गोटा वर्षास जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे आमच्या उंचीचा गोटा पाहिला तर त्याचा आरंभ कित्येक पिढ्यांपूर्वीचा समजावा, व तो मोडावयास एक घाबरलेला पाय पुरतो. या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात. त्या त्यांस अन्न देतात व रंगही देतात. पाणी फार तापले की ही सोबत तुटते, प्रवाळ पांढरा पडतो आणि ताप लांबला तर मरतो. मालवणातही असे पांढरे पडणे दिसून आले आहे. आमच्या दुष्काळासारखाच हा दुष्काळ आहे, एवढेच की पाण्यात असल्यामुळे तो कोणास दिसत नाही.

किल्ल्याभोवतीचा 29 चौरस किलोमीटरांहून अधिक समुद्र सरकारने 1987 सालीच अभयारण्य म्हणून जाहीर केला. मासेमारीवर गदा येईल म्हणून कोळी लोकांचा त्यास पुष्कळ वर्षे विरोध होता, आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांस अडाणी म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. आमच्या तांडेलाचा एक मुलगा जाळे ओढतो, दुसरा पाहुण्यांस पाण्याखाली नेतो. खडक मेला तर दोघांचाही धंदा बुडेल हे त्यास आमच्याहून चांगले ठाऊक होते. त्याचे म्हणणे एवढेच होते की पाहुणे थोडे कमी येवोत पण पोहणे शिकून येवोत. पाव चारण्याविषयी विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले नाही, फक्त समुद्राकडे पाहिले. चारला नाही तर पाहुणा शेजारच्या होडीत जातो.

पस्तीस मिनिटांत पायरी संपली, खडक धुक्यात बुडाला व खाली नुसता हिरवा अंधार राहिला. क्षणभर आम्हांस भय वाटले, हे लपवीत नाही. तोच तांबडे निशाण हलले, चार डोकी वर आली आणि होडी आमच्या शेजारी होती.

याहून मोठा खेळ दूर समुद्रात आहे. पालाऊ बेटांजवळच्या एका प्रसिद्ध कड्यावर प्रवाह इतका जोराचा की पाणबुडे मेलेल्या खडकात आकडा अडकवून पतंगासारखे तरंगतात. मालदीवात खाड्यांच्या तोंडाशी भरतीबरोबर आत वाहत जातात. आपल्याकडे विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर पश्चिमेस, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे : लांबी अदमासे 40 किलोमीटर, रुंदी 15, माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटर. कान्होजी आंग्रे यांचे नाव त्यास मिळाले आहे. डिसेंबर 2019 मध्ये संशोधकांची एक मोहीम तेथे जाऊन आली. किनारा दिसत नाही, आसऱ्यास बेट नाही. तेथे पाण्याबरोबर जाता आले तरच पाहावयाचे. नातीच्या मनात ते ठिकाण आहे हे आम्ही ओळखले, पण घरी एवढ्यात बोललो नाही.

घरी आल्यावर भावजयीने सर्व ऐकून घेतले. माशांत, प्रवाळांत तिचे लक्ष नव्हते. पाटीची गोष्ट ऐकून ती किंचित हसली. नियम सांगत आम्ही प्रवाहाशी न झगडण्याच्या नियमापाशी आलो, तेव्हा तिने हातातील निवडणे थांबविले.

“म्हणजे उलट पोहायचंच नाही?”

“नाही. आडवे सरावयाचे, नाहीतर जाऊ द्यावयाचे. पुढे होडी असते.”

“हे त्यांना शिकवतात?”

“पहिल्या दिवसापासून.”

ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग सूप उचलून आत गेली. त्या रात्री कोणीच विषय काढला नाही. सकाळी पुतण्याने आम्हांस विचारले तेव्हा आम्ही आमचे मत स्पष्ट सांगितले : दर वर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी, एकटीने कधी उतरू नये, आणि आठवड्यास एक पत्र यावे, एवढे पाळून तिला जाऊ द्यावे. भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, “पत्रात तिथी लिहायला सांगा. उधाण कधी, अष्टमी कधी, मला इथे कळलं पाहिजे.” आणि खुंटीवरचे पंचांग तिने काढून आपल्या देवघरात नेऊन ठेवले.